बंद संचाचा हिशेब

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. टर्बाइनच्या पात्यांचे उर्वरित आयुष्य ठरविताना तुमच्याकडे केवळ चालू तासांचाच हिशेब धरतात, हे वाचून मन अस्वस्थ झाले. कारण पात्याच्या क्षयाचा आरंभ पुष्कळदा टर्बाइन-जनित्राचा संच बंद असतानाच होतो, आणि त्या दिवसांची नोंद दफ्तरात क्वचितच सापडते.

बाष्पाबरोबर येणारे क्लोराइड अब्जांशांत मोजावे इतके अल्प असते. परंतु कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये जेथे कोरडे बाष्प प्रथमच ओलसर होऊ लागते, तेथील पात्यांवरच्या सूक्ष्म जलस्तरात ते अनेक पटींनी एकवटते. संच चालू असेतोवर प्राणवायूचा अंश थोडा, म्हणून उपद्रवही बेताचा. संच थांबला, कंडेन्सरमधला व्हॅक्यूम मोडला आणि दमट हवा आत शिरली, की त्याच क्षारांना ओल सुटते, आणि बारा टक्के क्रोमियमच्या ज्या पोलादावर आपण निर्धास्त विसंबतो, त्याचे संरक्षक पटल जागोजाग भेदले जाऊन बारीक खड्डे पडतात.

पुढचे कार्य कंपनांचे. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणाऱ्या संचात पात्याला फेरीगणिक एकच हिसका बसला, तरी दिवसाकाठी ४३ लाखांवर हिसके होतात. रेल्वेच्या आसांचा अभ्यास करून जर्मन अभियंता व्योलर याने एकोणिसाव्या शतकात दाखविले, की विशिष्ट मर्यादेखालचा ताण पोलाद कितीही वेळा सोसू शकते. पण ही हमी कोरड्या हवेतली. खारट ओलीत ती मर्यादाच नाहीशी होते. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटून भेग निघते. मग गंज भेगेला वाट करून देतो आणि भेग गंजापुढे नवा, उघडा धातू आणून ठेवते.

पाते तुटले तर काय होते, हे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा अणुवीजकेंद्रात दिसले. पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती धातूच्या शिणवट्याने तुटली, त्या असंतुलनाने जनित्रातला हायड्रोजन निसटून पेटला, तेलाने आग वाढली, आणि संच सुमारे सतरा तास विजेवाचून राहिला. त्या अंधारात विजेरीच्या उजेडात वर चढून, अणुभट्टी शांत ठेवणाऱ्या बोरॉनच्या द्रावणाच्या झडपा हाताने उघडणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

तेव्हा संच काही दिवसांहून अधिक बंद राहणार असेल, तर आत कोरडी हवा फिरवून सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवण्याची तजवीज व्हावी, ओव्हरहॉलमध्ये पात्यांच्या मुळांची चुंबकीय कणांनी तपासणी व्हावी, आणि नोंदवहीत बंद दिवसांचा स्वतंत्र रकाना असावा, असे वरिष्ठांना लेखी कळव. तोंडी सांगून भागणार नाही. मसुदा आधी माझ्याकडे धाड. सुधारून उलट टपाली पाठवितो.

तुझा,
मामा