लुटुपुटूचं दुकान

जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांत वर्षातून एकदा बालबाजार भरतो. पोरं घरून मेथीच्या जुड्या, लिंबं, उकडलेल्या शेंगा घेऊन येतात, गावकरी गिऱ्हाइकं होतात, खऱ्या नोटा हातोहात फिरतात आणि मुलांना व्यवहारज्ञान मिळालं म्हणून सगळे खूश होतात. बाजार छानच. तरी शिकण्याच्या दृष्टीने मला त्याहून वरचढ वाटतं ते तिसरीच्या वर्गात सतरंजीवर मांडलेलं लुटुपुटूचं दुकान : रिकाम्या काडेपेट्यांचे साबण, चिंचोक्यांची डाळ, वहीच्या पानांच्या नोटा. त्याची सगळी ताकद त्याच्या खोटेपणात आहे, असं माझं म्हणणं आहे.

खरा बाजार हिशेब शिकवतो, यात शंका नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीच्या जागी विचारलेल्या हिशेबांची 98 टक्के उत्तरं त्यांनी बरोबर दिली. तसलेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा 37 टक्केच जमली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबाबत हेच दिसलं, आणि त्याची उलट बाजूही : शाळेत शिकणारी मुलं कागदावर पुढे, पण बाजारातल्या हिशेबात अडखळणारी. त्यांचा हा अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. म्हणजे बाजारातलं गणित बाजारातच राहतं आणि शाळेतलं शाळेत. का राहत असावं? 37 रुपयांचा माल घेऊन गिऱ्हाइकाने 50 ची नोट दिली, तर विकणारा वजाबाकी करत नाही. तीन रुपये ठेवून ‘चाळीस’ म्हणतो, त्यावर दहाची नोट ठेवून ‘पन्नास’. वहीत मात्र शून्यातून सात जात नाहीत म्हणून दशक सुटा करावा लागतो. या दोन वाटा एकाच जागी पोचतात, हे दिसायला थांबावं लागतं, आणि खऱ्या बाजारात गिऱ्हाईक थांबत नाही. सतरंजीवरचं थांबतं. बाई म्हणतात, ‘सुट्टे कसे मोजलेस गं? फळ्यावर दाखव बरं.’ फळ्यावर दोन्ही रीती शेजारी-शेजारी येतात, मग दुकान पुन्हा उघडतं. दरम्यान कुणाची मेथी सुकलेली नसते.

खोटं आहे म्हणजे मोकाट आहे, असं मात्र नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी 1933 च्या एका व्याख्यानात दाखवलं होतं की कल्पनेच्या खेळात मूल नियमाने बांधलेलं असतं : कुठलीही काठी घोडा होईल, पोस्टकार्ड होणार नाही, कारण त्यावर स्वार होता येत नाही. दुकानदार झालेल्या मुलीला वाटेल तो भाव सांगून चालत नाही. वहीतल्या उदाहरणाकडे पाठ फिरवणारं पोरही समोर गिऱ्हाईक ताटकळत असलं की हिशेब टाळत नाही. टाळला तर दुकानच मोडतं. म्हणून बाईंनी दिग्दर्शक न होता त्रासदायक गिऱ्हाईक व्हावं. उधारी मागावी, माप कमी भरलं म्हणून भांडावं, फाटकी नोट पुढे करावी. संवाद पाठ करून घेतले की खेळ संपला आणि स्नेहसंमेलन सुरू झालं.

मारिया माँटेसरींना हे पटलं नसतं; मुलांना लुटुपुटूच्या वस्तू न देता खरी कामं द्यावीत, असा त्यांचा आग्रह. माँटेसरींना मानणाऱ्या गिजुभाई बधेकांनी मात्र ‘दिवास्वप्न’ या आपल्या पुस्तकातल्या शिक्षकाला चौथीच्या वर्गात गोष्टी आणि नाटकं करायला लावलं. पाणी भरायला पाणी भरूनच शिकावं, हे कबूल. पण भाव, उधारी, हमी या हातात धरायच्या वस्तू नाहीत, माणसांनी आपसांत मानलेल्या गोष्टी आहेत. (खरी नोट तरी दुसरं काय असते?) त्या मानून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. दुसरा आक्षेप संशोधकांचा. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून म्हटलं की कल्पनेच्या खेळाने बुद्धी, सर्जनशीलता वाढते, या मोठ्या दाव्यांना पुरावा तोकडा आहे. तोकडा असेल. दुकान मांडून देऊन बाई वह्या तपासत बसल्या, तर चिंचोके इकडचे तिकडे होतील, एवढंच. माझा दावा त्या ‘फळ्यावर दाखव’पुरता आहे.

खरा बोचणारा आक्षेप वेगळाच : मुलं खेळात गावच मांडतात. गल्ल्यावर मुलगा, झाडलोटीला मुलगी. ज्याच्या घरी दुकान तो शेठ, ज्याची आई मजुरीला जाते तो हमाल. शिक्षकाने काहीच केलं नाही, तर हा खेळ विषमतेची रंगीत तालीम ठरतो. पण ही वाटणी एरवीही वर्गात बसलेलीच असते. खेळात ती उघड्यावर येते, आणि खेळ असल्यामुळे हलवता येते. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, दर आठवड्याला नव्याने. शेठ होऊन बसलेला पोरगा हमाली आल्यावर कुरकुरेल. मग पुढचा तास त्याच्या कुरकुरीवर बोलण्यात घालवावा. गणिताचा तास त्यात बुडाला, तरी माझी हरकत नाही.