परिमिततेची उजळणी

आमच्यापैकी एकाचे वजन १२८ किलो आहे. उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे शरीरभारांक पंचेचाळीसच्या घरात. एवढे दोन आकडे कागदावर उतरवायला आम्हांला तीन आठवडे लागले, आणि आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक आहोत! शस्त्रक्रिया एकाच्याच जठराची, तयारी मात्र दोघांची. म्हणून हे लेखन 'आम्ही'च्या नावे.

एक जण जळगावला शिकवतो, दुसरा धुळ्याला. आठवडाभर दोन गावी दोन चुली आणि शनिवारी एरंडोल-पारोळ्यावरून धावणारी एस. टी. धुळ्याच्या खोलीत रात्री उत्तरपत्रिका तपासताना शेवभाजीचा डबा उघडला जाई, आणि जळगावला परतल्यावर 'आठवडाभर हाल झाले' म्हणून वरणबट्टीवर तुपाची धार धरली जाई. ज्या मुलखात पाहुण्याच्या ताटातील तिसऱ्या बट्टीवरून यजमानाची प्रतिष्ठा ठरते, तिथे 'पुरे' हा शब्द उच्चारणे जवळजवळ असभ्यच. आपल्या भाषेनेही या बाबतीत आम्हांला फारशी मदत केलेली नाही. 'खात्यापित्या घरचा' हे कौतुक आणि 'खादाड' ही शिवी, यांच्यामध्ये आजार या अर्थाचा साधा घरगुती शब्द आम्हांला सापडला नाही. 'स्थूलता' आहे, पण ती पाठ्यपुस्तकातली.

या मधल्या पोकळीत लाज राहते. दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी अहवालाकडे न पाहताच 'तोंड बंद ठेवा' असे सांगितले होते. आम्ही ते ऐकले, तीनदा वजन उतरवले आणि तीनदा ते व्याजासह परत आले. आता मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि झोपेत श्वास अडखळतो. तरीही शस्त्रक्रियेचा विचार निघाला तेव्हा पहिला प्रश्न जिवाचा नव्हता. लोक पळवाट म्हणतील का, हा होता.

याच वेळी विनोबांची 'गीता प्रवचने' पुन्हा काढली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ती प्रवचने आम्ही वर्गात कितीदा सांगितली असतील! सहाव्या अध्यायाच्या विवेचनात विनोबा चित्ताच्या एकाग्रतेला जीवनातील परिमिततेची जोड देतात. तो भाग शिकवताना आमचा आवाज नेहमी जरा चढत असे. या खेपेस मात्र वाचताना राग आला, आणि तो विनोबांवर नव्हता. आमच्या लक्षात आले की परिमितता हा केवळ निश्चयाचा प्रश्न आहे असे आम्ही धरून चाललो होतो. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि वजन उतरू लागले की शरीर ते वाढवते, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत त्या भागासह जठराचा सुमारे पाऊण हिस्सा काढतात. तो परत बसवता येत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट आम्ही औपचारिकता समजून गेलो होतो. त्यांनी विचारले, 'किती खाता ते राहू द्या, केव्हा खाता?' आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर होते : एकटे असताना, आणि भांडण न करता गप्प बसायचे ठरवल्यावर. हे वाक्य विवाहाच्या एकोणिसाव्या वर्षी एका अनोळखी माणसासमोर प्रथमच बोलले गेले. त्या संध्याकाळी आम्ही मेहरूण तलावाकाठी दोन फेऱ्या मारल्या; बोललो फारसे नाही, पण खाल्लेही नाही काही.

शरीराची तयारी तुलनेने सरळ आहे. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, झोपेची तपासणी; रात्री नाकावर श्वासयंत्राचा मुखवटा. बी-१२ आणि डी जीवनसत्त्वे कमी निघाली, ती आधीच भरून काढायची, कारण पुढे पूरक गोळ्या जन्मभराच्या आहेत. शेवटचे दोन आठवडे भात, भाकरी, गोड बंद; प्रथिनयुक्त पातळ आहार. त्याने चरबीने फुगलेले यकृत आक्रसते आणि दुर्बिणीने जठरापर्यंत पोहोचणे सुकर होते. विमा कंपनीला मात्र भारांकाचा आणि आधीच्या अपयशी प्रयत्नांचा पुरावा हवा होता. आमच्या अपयशाची कागदपत्रे कुणी इतक्या आस्थेने मागितली नव्हती.

कठीण जाते ते चावणे. प्रत्येक घास पंचवीस वेळा, आणि जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी नाही. आम्ही दोघेही मनातल्या मनात मोजत बसतो, त्यामुळे जेवताना घर वाचनालयासारखे शांत असते. त्याआधी एका रविवारी 'शेवटचे' म्हणून भरीत-पुरीचा बेत झाला होता, हेही कबूल करायला हवे. पुढच्या शनिवारी आणखी एक 'शेवटचे' झाले. तिसऱ्या वेळी वांगी भाजायला घेतली आणि शेगडी बंद केली.

आईंना सारे सांगणे लांबवत आलो होतो. परवा सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारले, 'मग तू जेवशील तरी किती?' आम्ही ओंजळीचा खोलगा करून दाखवला. त्या उठल्या, कपाटातून उष्टावणाची चांदीची वाटी काढून आणली आणि तीत पाणी ओतून पाहिले.

'एवढंच?'

'सुरुवातीला याहून कमी.'

ती वाटी आता ओट्यावर घासून ठेवली आहे.