मनातलं बोलण्याआधी

गेल्या पूजेच्या सुट्टीत कोलकात्याला, बागबाजारात राहणाऱ्या मामेबहिणीकडे गेले होते. संध्याकाळी आम्ही दोघी गंगेच्या घाटावर बसलो. वर्षभरापूर्वी तिचे यजमान गेले, तेव्हापासून तिला रात्र रात्र झोप नव्हती.

"ताई, आमच्या कंपनीनं समुपदेशक नेमलाय. जावंसं वाटतं गं, पण माझं बोलणं साहेबांच्या टेबलावर गेलं तर?"

मला माझाच अनुभव आठवला. एका जुन्या नोकरीत मी अशाच एका बाईंपाशी मन मोकळं केलं होतं. आठवडाभरात वरिष्ठांनी काळजीच्या सुरात विचारलं, "आता झोप लागते ना?" त्या दिवसापासून मी हसून 'बरं आहे' म्हणायला शिकले आणि दुखणं वाढवून घेतलं.

तरीही मी तिला 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. 'आधी विचार' म्हटलं. टिपणं कोण ठेवतं, किती दिवस? त्यावर नाव असतं की नुसता क्रमांक? कंपनीला किती जण आले तेवढंच कळतं, की कोण आलं तेही? गुपित कधी फोडावं लागतं? जिवाला धोका असेल तर समजू शकतं. बढती ठरवण्यासाठी मात्र मुळीच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३ व्या कलमानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्कच दिला आहे.

परवा तिचा फोन आला. उत्तरं तिनं लेखी मागितली, मिळाल्यावरच गेली. "पहिल्यांदाच पोटभर रडले, ताई!"

दाराला आतून कडी आहे हे कळल्यावरच मनाचं दार उघडतं, नाही का?