पायांकडे बघ

मुंबईच्या गिरणगावातलं कबड्डीचं मैदान रोज नव्याने तयार व्हायचं. लालबागला आमच्या दोन चाळींमधल्या पटांगणात दिवसभर वाळवणं, सायकली आणि पोरांच्या गोट्या असत. पहिली पाळी सुटली, घराघरांत चहा झाला, की माझे थोरले काका, आप्पा, चाळण घेऊन खाली उतरत. आधी ते अनवाणी सगळं पटांगण फिरत. पायाला खडा लागला की वाकून उचलायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मग माती चाळायची, पाणी शिंपायचं, ते मुरेपर्यंत थांबायचं. गिरणीतल्या टाकाऊ सुताला पीळ घालून त्यांनी दोरी केली होती. ती खिळ्यांना ताणून मध्यरेषा, निदानरेषा आखत. भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत ते मागे मागे सरकत, तेव्हा दोरीचं एक टोक माझ्या हातात असे. बोटांना फक्की चावायची, तरी ते टोक मी दुसऱ्या कुणाला देत नसे. आखणी पूर्ण होईपर्यंत मातीवर पाय ठेवायची परवानगी फक्त आम्हा दोघांना होती.

आप्पा साचेखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं. चढाईला गेलेल्याचा दम चालू आहे की तुटला, हे पंचाला कानाने टिपावं लागतं. त्यामुळे ज्या मैदानाचा खडान्‌खडा त्यांना ठाऊक होता, त्यावर पंच म्हणून ते कधी उभे राहिले नाहीत. सामना सुरू झाला की ते कोपऱ्यात, बांबूला बांधलेल्या दिव्याखाली उभे राहत आणि मला पुढ्यात घेत.

एका संध्याकाळी अंतिम सामना होता. बाजूच्या गल्लीतला एक उंच पोरगा चढाईला आला. गर्दी त्याच्या दमाकडे कान लावून होती. आप्पा वाकून म्हणाले, "तोंडाकडे बघू नको गं. पायांकडे बघ. दम संपायच्या आधी टाच खाली येते." मी बघितलं. तो चवड्यांवर नाचत होता. एकदा डावीकडे झेपावला, परतला, पुन्हा आत शिरला. आणि मग उजवी टाच मातीला टेकली. मी ओरडले, "आता!" त्यानंतर कोपरारक्षकाने झेप घेऊन त्याचा घोटा धरला. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत. खेळ माझ्या अंगात शिरला तो त्या क्षणी, स्वतः खेळायच्याही आधी.

नंतर मी खेळले. १९७८ साली कबड्डीपटू शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळालेला होता, तरी आमच्या मंडळाच्या लेखी मुलींची कबड्डी म्हणजे रविवार सकाळची करमणूक. संध्याकाळ पुरुषांची. आप्पा मात्र रविवारी पहाटे उठून आमचं मैदान वेगळ्या मापाने, तितक्याच काळजीने आखत. त्यांच्या फक्कीला पुरुष-बाई कळत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कबड्डीत बाद झालेला खेळाडू रेषेबाहेर बसून राहतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की उठून आत येतो. आप्पा तसेच वाट बघत बसले. मग बिऱ्हाड आवरून कोकणात गेले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांचं पोस्टकार्ड आलं: आनंद झाला, पण मैदान कुणी आखलं ते पेपरात आलेलं नाही.

मी पुढे शाळेत खेळाची शिक्षिका झाले. सिंधूचा बॅडमिंटनचा सामना असो की हॉकीचा, माझी नजर आजही आधी पायांवर जाते. २०१४ पासून प्रो कबड्डीत मॅटवर, बूट घालून, तीस सेकंदांच्या घड्याळावर खेळणारी पोरं मी आवडीने बघते. मॅटवर अंग कमी सोलपटतं. हा बदल चांगला झाला.

दुसरा बदल मात्र मला मान्य नाही. आमच्या चाळी पडल्या, टॉवर आले. पटांगणाच्या जागी पार्किंग आहे आणि त्यावरच्या पोडियमवर पेव्हर ब्लॉक. 'येथे खेळू नये' अशी पाटी आहे. मंडळाच्या स्मरणिकेत अध्यक्ष आहेत, देणगीदार आहेत, उद्घाटनाला आलेले पाहुणे आहेत. माती चाळणाऱ्या माणसाचं नाव मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. ते नाही. आता कुणी म्हणालं की हल्लीची मुलं मोबाइल सोडत नाहीत, तर मला राग येतो. त्यांना खाली उतरून उभं राहायला जागा कुठे ठेवली आहे आपण?

पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागते. तुमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा समोर आला, तर स्वयंपाकघराची लांबी मोजण्याआधी एवढी उघडी माती त्यात शोधा. नसेल तर सही करू नका.