बांबूतले रहिवासी

सुमात्रा बेटावर जांबीच्या बाजूला बातांग हारी नावाची नदी आहे. पावसाने ती फुगते, काठच्या रानात पाणी शिरतं, आणि मग तिथले कोळी बांबूचे तुकडे दोरीला बांधून पाण्यात सोडतात. बांबूच्या पेरांना भोकं पाडलेली असतात, बाकी काही नाही. जाळं नाही, गळ नाही, आमिषसुद्धा नाही. नंतर बांबू वर ओढून झटकला की आतून बोटाच्या पेराएवढे केशरी-काळे मासे घरंगळत बाहेर येतात. त्यांना कोणी आत ढकललेलं नसतं. अरुंद, अंधारी, अंगाला दोन्हीकडून टेकणारी जागा दिसली की आत शिरायचं, एवढंच त्यांना ठाऊक. हा क्लाउन लोच. केशरी अंगावर तीन जाड काळे पट्टे, त्यातला पहिला थेट डोळ्यावरून उतरलेला, तोंडाशी आखूड मिशा, लालसर पर.

बांबूचं हे प्रकरण मला कळलं ते लोच घरात येऊन चांगले रुळल्यावर. तोवर मी त्यांच्या नेमक्या याच सवयीवर भाळून बसले होते. बाथरूमचं काम झालं तेव्हा प्लंबरने टाकून दिलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे मी धुऊन टाकीत ठेवले होते. ऐसपैस तीन तुकडे, सगळ्यांना पुरून उरतील असे. पण सगळे लोच एकाच पाइपात. एकाच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पोटाखाली तिसरा, बाहेर फक्त मिशा आणि एखादी शेपटी. उरलेले दोन पाइप रिकामे. ठाण्याहून रोज सकाळी लोकल पकडणाऱ्या माणसाला यातलं सुख समजणं जरा अवघडच आहे. हे मासे मोकळी जागा शेजारी असताना, राजीखुशीने, चेंगरून घेतात. मला तेव्हा वाटायचं की पाइप ठेवण्याची ही माझी मोठी कल्पकता. ती जांबीच्या कोळ्यांना कितीतरी आधी सुचलेली होती, फक्त त्यांचा पाइप संध्याकाळी घरी जायचा.

दुकानात लोच विकतात ते गोगलगायींवरचा उपाय म्हणून. पाणवनस्पतींच्या पानांना चिकटून गोगलगायींची अंडी घरात येतात, बघता बघता काच ठिपक्यांनी भरते, आणि आपण तक्रार घेऊन कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या एखाद्या दुकानात उभे राहतो. “ताई, दोन लोच सोडा, सगळं साफ.” साफ होतं, हे खरं. शंखात तोंड खुपसून ते गोगलगाय ओढून घेतात आणि तळाशी रिकामे शंख तेवढे पडून राहतात. पण या सल्ल्यात बरंच काही वगळलेलं असतं. दोन लोच म्हणजे दोन भेदरलेले मासे. पाच-सहा एकत्र असल्याशिवाय त्यांचा स्वभाव उघडतच नाही. शिवाय पिशवीत बांधून मिळतं ते दीड-दोन इंचांचं पोर असतं. ते वाढून फूटभर होऊ शकतं, आणि नीट सांभाळलं तर वीस वर्षांहून जास्त जगतं. म्हणजे घरात पहिलीतली मुलगी असताना आणलेला लोच तिच्या लग्नालाही हजर असू शकतो. दुकानदाराला तरी दोष कसा द्यायचा? त्याच्यासमोर मोठा लोच सहसा येतच नाही. मोठे मासे बाहेर पाठवायला इंडोनेशियाने बंदी घातली आहे, अंडी घालणारी पिढी नदीतच राहावी म्हणून. बाजारात फिरतात ती बहुतेक सगळी पोरंच.

झोपेचं तर विचारूच नका. लोच आडवा पडून झोपतो. एका कुशीवर, तोंड किंचित उघडं, कधीकधी चक्क दगडाच्या फटीत उभा अडकलेला. आमच्याकडे हा देखावा पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिला.

“अगं, तो पट्ट्यांचा गेला गं,” त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाल्या. मग जरा विचार करून, “माशाचं काही पाळायचं नसतं ना?”

मी काचेशी गेले. खाण्याचा डबा नुसता वाजवला. आडवा पडलेला देह सरळ झाला, मिशा हलवल्या आणि सगळ्यांच्या आधी कोपऱ्यात हजर.

“ढोंगी मेला!” आई म्हणाल्या.

त्या दिवसापासून टाकीतल्या सगळ्यात मोठ्या लोचवर त्यांचं विशेष लक्ष आहे.

लक्ष ठेवण्यासारखं तिथे पुष्कळ घडतं, विशेषतः दिवेलागणीनंतर. दोघे अंगाला अंग घासत, एकाच लयीत टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पोहत राहतात, कारण काय ते त्यांनाच ठाऊक. खाणं आवडलं की कट्, कट् असा कोरडा आवाज येतो, आणि तो टीव्ही बंद असेल तर पलीकडच्या खोलीतही ऐकू जातो. भांडणं होतात तीही पाहण्यासारखी. दोन मासे भिडले की दोघांचाही केशरी रंग उडतो, अंग राखाडी पडतं, पट्टे पुसट होतात. नवखा माणूस घाबरून औषध आणायला धावतो. घटकाभराने कोणीतरी माघार घेतं, रंग परततो आणि दोघे त्याच पाइपात एकमेकांवर रेलून बसतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत अशी सोय नाही.

डोळ्याखाली लोचला एक दुहेरी काटा असतो. एरवी खाचेत मिटलेला, घाबरला की ताठ उभा. जाळीने पकडायला जावं तर हा काटा जाळीत अडकतो, म्हणून जाणते लोक लोच जाळीऐवजी भांड्याने उचलतात. या माशाचं शास्त्रीय वर्णन प्रथम केलं पीटर ब्लीकरने, १८५२ साली, आणि नाव ठेवलं ते काट्यावरूनच. ब्लीकर डच लष्करातला डॉक्टर, बटावियात म्हणजे आजच्या जकार्तात नेमणुकीवर. बेटाबेटांवरून माणसं त्याला मासे पाठवायची आणि त्यातले कितीतरी मद्यार्कात बुडून यायचे. मद्यार्कात केशरी टिकत नाही. काटा टिकतो. पुढे बराच काळ या माशाला इतर लोचांच्या बोटिया प्रजातीत बसवलेलं होतं; २००४ मध्ये मॉरिस कोटेलाने त्याच्यासाठी क्रोमोबोटिया ही वेगळी प्रजाती केली. त्या प्रजातीत हा एकटाच. एकटं राहायची ज्याला मुळीच सवय नाही, त्याच्या वाट्याला कागदावर हे यावं!

त्याचं दुसरं घर बोर्निओत. बोर्निओकडच्या माशाच्या पोटाखालच्या परांवर काळं उतरलेलं असतं, सुमात्राकडचे पर नुसते केशरी. त्यावरून माझे सुमात्राचे. तिकडचा पाऊस जोर धरतो तो साधारण आपल्याकडचा परतीचा पाऊस आवरतं घेतो तेव्हा. मोठे लोच त्या सुमारास प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि अंडी घालतात. पिल्लं पुराबरोबर खाली, बुडालेल्या रानांत वाहत येतात. तिथे त्यांना खायला मिळतं, लपायला मिळतं, आणि तिथेच बांबूही भेटतो. हा पूर काचेच्या टाकीत आणता येत नाही. मऊ पाणी देता येतं, पंपाने प्रवाह करता येतो, हीटर लावून तापमान २८ अंशांवर ठेवता येतं. तरी घरच्या टाकीत लोचने अंडी दिल्याचं जवळजवळ ऐकायलाच मिळत नाही. जकार्ताजवळच्या देपोकमध्ये इंडोनेशियाच्या आणि फ्रान्सच्या संशोधकांनी हार्मोनची सुई देऊन पिल्लं काढून दाखवली, आणि हल्ली मत्स्यशेतीत वाढवलेले लोचही बाजारात येतात. नदीवरचा भार त्याने हलका होईल. बांबू सोडून घर चालवणाऱ्यांचं काय होईल, ते मात्र मला सोपं करून सांगता येत नाही.

हे सगळं दूर समुद्रापलीकडचं वाटत असेल तर दुकानातल्या शेजारच्या टाकीत पाहावं. तिथे बारीक तिरप्या पट्ट्यांचा झेब्रा लोच असतो, क्लाउनपेक्षा लहान, सडपातळ. तो आपला आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या कृष्णा-तुंगेच्या खोऱ्यांतल्या गोट्यागोट्यांच्या स्वच्छ ओढ्यांतला. बंगळूरच्या सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याची नोंद केली. आज तो जागतिक यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो. ओढ्यांची दशा आणि शौकाच्या बाजारासाठी होणारी पकड, दोन्ही कारणं सांगितली जातात. सुमात्राच्या कोळ्यांविषयी हळहळताना हा मासा माझ्या कोपराशी पोहत होता. तो मी घेतला नाही.

आजारांचं फार लिहीत नाही, पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लोचला सगळ्यांआधी गाठतो. अंगावर मिठाचे कण पडल्यासारखं दिसतं. त्याचा जंतू माशावर पोसून खाली पडतो, तळाशी एकाचे शेकडो होतात आणि ते पुन्हा मासा शोधत निघतात. पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं की हे चक्र लवकर पुरं होतं आणि पोहत्या अवस्थेत औषध त्यांना गाठतं. लोचचे खवले अगदी बारीक आणि अंग नाजूक, म्हणून पुष्कळ जण औषध अर्ध्या मात्रेनेच सुरू करतात. डिसेंबरात हीटर बंद पडला की ठिपके आलेच म्हणून समजा.

सध्या घरात विषय आहे तो जागेचा. आईंचा लाडका ढोंगी आता पाइपात शिरला की निम्मा बाहेर राहतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घ्यायची म्हटली तर पाणीच सुमारे ६८० लिटर, म्हणजे ६८० किलो. काच, रेती आणि लोखंडी स्टँड धरून पाऊण टनाच्या बरंच वर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान हलवून सांगितलं की इंजिनिअरला विचारा. इंजिनिअर म्हणाला, बीमला लागून असलेल्या भिंतीशी ठेवा, मधल्या स्लॅबवर नको. नवऱ्याने टेप घेऊन सगळ्या भिंती मोजल्या. अशी सहा फुटांची भिंत घरात एकच निघाली आणि तिच्याशी आईंचा देव्हारा आहे. तो हलवण्याचा विषय मी अजून काढलेला नाही. पितृपक्ष जाऊ दे, मग बघू.