न जाणाऱ्यांची तयारी

मे महिन्यात स्वित्झर्लंडला जायचं तर फेब्रुवारीतच कंबर कसावी लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि सुट्टीच्या दिवसांसाठी झुंबड असते. आधी मुलांचे पासपोर्ट बघायचे, कारण ते पाच वर्षांतच संपतात, आणि परतल्यावरही निदान तीन महिने ते चालू असावे लागतात. मग तीस हजार युरोंचा विमा, बँकेची स्टेटमेंटं, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. आमच्याकडे हे खातं नवऱ्याचं. ते तो चोख सांभाळतो. माझ्याकडे खाऊचं खातं आहे आणि माझा जीव त्यात आहे.

लहानपणी सुट्टी लागली की आम्ही एसटीने पुण्याहून चिपळूणला मामाकडे जायचो. आजी यायची नाही. तिला गाडी लागायची, त्यात वाटेत कुंभार्लीचा घाट. पण आदल्या दुपारी ती दशम्यांना बसायची. कणीक पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवायची, म्हणजे दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत लसणीची चटणी, रव्याचे लाडू आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. पुडक्यांबरोबर सूचनाही असत. पाटणच्या स्टँडवर दशम्या सोडा, घाट लागायच्या आत आवळासुपारी तोंडात धरा, घाट उतरून पोफळी आली की लाडू. परत आलो की मामाची चौकशी नंतर. आधी विचारायची, "पाटणला सोडल्यात ना दशम्या?" घाटाच्या पायथ्याला पोफळी आली की आम्ही भावंडं आजीचं नाव घेऊन लाडवाचा डबा उघडायचो. ती आमच्याबरोबर त्याच गाडीत असायची, असंच मला आजही वाटतं.

पुढे संसार झाला, पोरं झाली आणि पहिल्यांदा परदेशी गेलो ते सिंगापूरला. आईने अनारशाचं पीठ काढलं आणि मी नियम वाचून सांगितलं की तिथे खसखस नेता येत नाही. अफूच्याच झाडाचं बी ते, त्यामुळे तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. आईने मुकाट्याने पीठ परत ठेवलं आणि शंकरपाळे तळले. पण नंतर तिच्या ध्यानात आलं की आमटीसाठी दिलेल्या गोड्या मसाल्यातही खसखस आहे. रात्री नऊ वाजता तिने धणे, तीळ, दगडफूल काढलं आणि आमच्यापुरता वाटीभर मसाला बिनखसखशीचा भाजला. परवानगीचा कागद मुलुखाचा कायदा सांगतो. तो कायदा आपल्या स्वयंपाकघरात बसवायचं काम मात्र अशा बायकांनी केलेलं आहे, आणि त्याची दखल घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

या स्वित्झर्लंडच्या खेपेला दोन अडचणी. सुकं खोबरं आपल्याकडे २०२२ पासून चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. तेलकट असल्याने ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं. म्हणून पोह्यांच्या चिवड्यात काप नाहीत, डाळं नि दाणे जास्त. दुसरी अडचण मोठी. भारतातून दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ प्रवाशाला तिथे नेता येत नाहीत, म्हणजे तूप गेलं.

हे आईला सांगितलं तेव्हा ती मेतकुटाला बसली होती. गुडघ्यांमुळे आता खुर्ची गॅसजवळ ओढून घेते. हरभऱ्याची डाळ बदामी झाली, मग उडदाची, मग तांदूळ आणि मूठभर गहू. प्रत्येक जिन्नस वेगळा, कारण प्रत्येकाची आच वेगळी. मेथ्या सगळ्यांत शेवटी, आणि त्या लाल झाल्या की ताबडतोब ताटात, एक क्षण उशीर झाला तरी कडू. सुंठ, हिंग, हळद दळताना. माझी मैत्रीण म्हणते, इतक्या लांब जाऊन मेतकूट-भात कशाला, तिथलं खा. तिथलं आम्ही खाणारच आहोत. मुलांना रॉश्टी हवी आहे, फाँड्यू हवं आहे, आणि ३,४५४ मीटरवर जुंगफ्राउयोखला १९१२ सालच्या रेल्वेने चढायचं आहे. पण आईला त्या रेल्वेत बसता येणार नाही, आणि लाउटरब्रुनेनला भाड्याने घेतलेल्या घरात संध्याकाळी कुकर लावून मेतकूट-भात कालवला की पानावर तीही असेल. यासाठी बॅगेत दीड किलो जागा गेली तर जाऊ दे.

तुपाचं ऐकून तिने झारा खाली ठेवला. "गाईंचाच देश ना तो? मग तिथलं लोणी घ्या आणि कढवा." लगेच माझ्याकडून घरमालकिणीला निरोप लिहून घेतला, जाड बुडाचं पातेलं आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आहे. तेव्हापासून आईच्या सूचना सुरू आहेत. बिनमिठाचंच लोणी आणा. आच बारीक ठेवा, परदेशातल्या शेगडीचा अंदाज येत नाही. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ते धुराचं भोंगं वाजेल. आणि बेरी टाकू नका हं, साखर घालून पोरांना द्या.