सुपेल्याच्या बाजारातली फर

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर मागे पडले, की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी स्टेशने घेत गाडी दुर्गला पोहोचते. त्याच्या पुढे लगेच भिलाई. नागपूरहून हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या थोडे वर. भिलाई म्हटले, की पोलादाचा कारखाना आणि आखीवरेखीव सेक्टर डोळ्यांसमोर येतात. पण सेक्टरमध्ये राहणाऱ्या एखाद्या गृहिणीला विचारा, ‘कपडालत्ता कुठून घेता?’ उत्तर येईल, ‘सुपेल्याहून.’

रेल्वेच्या एका बाजूला कारखान्याची टाउनशिप आणि दुसऱ्या बाजूला, जी. ई. रोडच्या कडेने वसलेले सुपेला. टाउनशिप नकाशावर आखली गेली; सुपेला मात्र लोकांच्या गरजेतून वाढत गेले. इथला रविवारचा बाजार सर्वांच्या ओळखीचा. भांडी, चादरी, चपला, खेळणी आणि कपड्यांचे ढीगच ढीग. छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, बंगाली, भोजपुरी अशा सगळ्या बोली इथे घासाघीस करताना ऐकू येतात. कारखान्याच्या निमित्ताने इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यात असतात. भाव सांगितला गेला, की ‘अगं, निम्म्यावर ये’ अशी कुजबुज कानावर पडायची खात्री.

इथल्या थंडीला फर कशाला?

दिवाळी सरली, की या बाजारात लोकरी कपडे येतात. स्वेटर, मफलर, कानटोप्या आणि जाकिटे. गेली काही वर्षे त्यांत एक नवा प्रकार ठळकपणे दिसतो. जाकिटाच्या टोपीला केसाळ झालर, पर्सला लोंबणारा मऊ गोंडा, मुलींच्या सपातांवर पांढरी लव. कॉलेजच्या मुली त्यावरून हात फिरवतात आणि हरखतात. ‘असली है क्या?’ असे विचारले, की विक्रेता हसून म्हणतो, ‘असली होता तो यहाँ मिलता?’

तो म्हणतो ते बहुधा खरेच असते. ही फर अ‍ॅक्रिलिकची किंवा पॉलिस्टरची. पण मनात प्रश्न येतोच. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीच्या रात्रीही सहसा १२-१३ अंशांच्या फार खाली उतरत नाही, तिथे फरची गरज कोणाला आहे? एक साधा स्वेटर आणि शाल पुरते. म्हणजे इथे फर येते ती थंडीसाठी नव्हे, दिसण्यासाठी. या विषयाचे मर्म नेमके इथेच आहे.

भिलाईला फरची खरी ओळख करून देणारे पाहुणे वेगळेच होते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्याच्या उभारणीसाठी रशियन तंत्रज्ञ इथे येऊन राहिले. त्यांच्या देशात हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश जातो. तिथे कान झाकणारी केसाळ टोपी हा नखरा नसून कान शाबूत ठेवण्याचा उपाय होता. ध्रुवाजवळचे शिकारी लोक ज्या प्राण्याचे मांस खातात, त्याचेच कातडे पांघरतात. त्यांना दोष देणे आपल्याला शोभणार नाही.

फॅशनची फर ही गोष्ट निराळी. जगात विकल्या जाणाऱ्या फरपैकी बरीचशी जंगलातून नव्हे, तर पिंजऱ्यांच्या रांगांतून येते. मिंक हा मुंगसासारखा दिसणारा, पाण्यात रमणारा प्राणी आणि कोल्हा, हे दोघे तारेच्या अरुंद पिंजऱ्यात वाढवले जातात आणि कातडे तयार झाले, की मारले जातात. २०२० मध्ये करोनाची साथ मिंकच्या फार्मांत शिरली, तेव्हा एकट्या डेन्मार्कने दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा निर्णय घेतला. एवढे प्राणी एका छोट्या देशात केवळ कोटांसाठी कोंडलेले होते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. ब्रिटनने असे फार्म त्याआधीच कायद्याने बंद केले होते. २०२१ मध्ये इस्रायलने फॅशनसाठी फर विकण्यावरच बंदी आणली. आपल्या सरकारनेही जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची आयात बंद केली.

एका शब्दाने जळालेली कातडी

‘आपला काय संबंध? ही श्रीमंत देशांची थेरं,’ असे कोणी म्हणेल. पण संबंध आहे आणि तो छत्तीसगडच्या जंगलांपर्यंत पोहोचतो.

नागपूर-पुण्याच्या फुटपाथवर हिवाळ्यात स्वेटर विकणारी तिबेटी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. त्यांच्या वसाहती दूर नाहीत. एक छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात, मैनपाटला. तर एक आपल्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ. तिबेटी पोशाखाला चुपा म्हणतात. तिबेटमध्ये पैसा खेळू लागला, तशी या चुपाला वाघ, बिबट्या आणि पाणमांजर यांच्या कातड्यांचे रुंद पट्टे लावण्याची चढाओढ सुरू झाली. जत्रेत जो अधिक पट्टे मिरवेल, तो मोठा. ही कातडी मुख्यतः भारतातल्या जंगलांतून चोरून जात होती. २००५ मध्ये राजस्थानच्या सारिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तो हाच काळ.

जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अमरावतीला कालचक्र पूजेसाठी हजारो तिबेटी जमले होते. तिथे दलाई लामांनी आपल्या लोकांना सांगितले, की ही कातडी घातलेली पाहून मला लाज वाटते. ती वापरू नका, विकू नका. पुढच्याच महिन्यात तिबेटमध्ये ठिकठिकाणी लोकांनी महागामोलाची कातडी स्वतः बाहेर आणून होळीत टाकली. कायद्याने वर्षानुवर्षे जे साधले नव्हते, ते लाजेच्या एका भावनेने साधले. मिरवण्याची गोष्ट लाजेची झाली, की मागणी संपते. आणि मागणी संपली, की कातड्याला भाव राहत नाही.

छत्तीसगडला या भावाची किंमत ठाऊक आहे. इंद्रावती, अचानकमार, उदंती-सीतानदी आणि अलीकडे गुरू घासीदास-तमोर पिंगला असे चार व्याघ्र प्रकल्प या राज्यात आहेत. तरी वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये १७ अशी उतरत गेली. जंगल तुटणे, भक्ष्य घटणे अशी कारणे त्यात आहेतच. पण बिबट्याचे कातडे पकडल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत आजही येतात. कुठेतरी घेणारा आहे, म्हणूनच सापळा लावणारा आहे.

सुपेल्यापासून थोड्याच अंतरावर भिलाईची मैत्री बाग आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून १९७२ मध्ये ती उभी राहिली. तिथल्या पांढऱ्या वाघांपुढे नेहमी गर्दी असते. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापासून हा वंश वाढवला गेला. पांढरा रंग टिकावा म्हणून जवळच्या नात्यातल्या वाघांची जोडपी लावली गेली आणि त्यातून तिरळेपणासारखे दोष आले. इथे कातडे सोलले जात नाही हे खरे. पण रंगाच्या हौसेचे मोल जनावरानेच दिले.

आपल्या घरातले काय?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आपली कपाटे उघडून पाहावीत. लहान मुलाच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख घालण्याची हौस आपल्याकडे होती. मुंजीत बटूसाठी मृगाजिनाचा तुकडा शोधला जातो. कुठे आजोबांचे व्याघ्राजिन दिवाणखान्यात असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा वस्तू परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. नोंद राहून गेलेल्यांसाठी २००३ मध्ये सरकारने १८० दिवसांची मुदतही दिली होती. ज्यांच्याकडे रीतसर प्रमाणपत्र आहे, त्यांनाही त्या वस्तू विकता येत नाहीत. मुंजीचा संस्कार गायत्री मंत्राचा आहे, कातड्याच्या तुकड्याचा नव्हे. त्याशिवायही मुलगा तितकाच संस्कारी होतो.

मग कोणी विचारील, ‘अहो, कोशाच्या साडीचे काय?’ प्रश्न रास्त आहे. चांपा-कोरब्याचा कोसा असो की आपल्या विदर्भातली करवती काठाची टसर असो, सलग धागा मिळवण्यासाठी कोश उकळले जातात आणि आतला जीव मरतो. पायातली चप्पलही चामड्याचीच. तेव्हा ‘आम्ही पूर्ण अहिंसक’ असा दावा करण्याचे कारण नाही. पण सगळेच सोडता येत नाही, म्हणून काहीच सोडू नये, हा युक्तिवादही लंगडा आहे. कोशाची साडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, जंगलातल्या आणि मागावरच्या अनेक घरांची चूल तिच्यावर पेटते. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी पतंग उडून गेल्यावर सूत काढलेले अहिंसा रेशीम मिळते. टोपीच्या झालरीसाठी आयुष्यभर पिंजऱ्यात कोंडलेल्या कोल्ह्याच्या बाजूने मात्र असे काहीच सांगता येत नाही.

घेताना एवढे पाहा

युरोप-अमेरिकेत कृत्रिम म्हणून विकलेल्या कपड्यांत खरी फर निघाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मोठ्या शहरातून किंवा परदेशातून आलेली वस्तू घेताना केस बोटांनी बाजूला करून मूळ पाहावे. खाली विणलेले कापड दिसले तर फर कृत्रिम. चामडे दिसले तर खरी. केसाचे टोक निमुळते होत गेलेले असेल, तर तोही खऱ्या फरचा इशारा. सुटा एखादा केस जपून जाळल्यास खऱ्याला माणसाच्या केसासारखाच वास येतो, कृत्रिमाचा वितळून कडक मणी होतो.

कृत्रिम फर निर्दोष आहे का? तिच्यासाठी प्राणी मरत नाही, हे तिचे मोठे पुण्य. पण ती पेट्रोलियमपासून बनते आणि एका हंगामात भुगा होऊन फेकली जाते. शिवाय ‘अगदी खरीसारखी दिसते’ हेच तिचे कौतुक असेल, तर खरीची हौसही तीच जागी ठेवते. घरात वाढत्या वयाची मुलगी असेल, तर तिला रागावू नये. ती रंगावर भुलते, मऊपणावर भुलते, त्यात गैर काही नाही. तिला एवढेच विचारावे, ‘ही झालर कोणाची होती आणि ती तुला कशासाठी हवी?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बोटांनी तपासता येते. दुसऱ्याचे तिचे तिला शोधू द्यावे.